खडू आणि ब्रीफ

परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत मी गुरुजी आहे. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मजल मॅट्रिकपलीकडे गेली नाही, पण दोन कामांची ओढाताण मला ठाऊक आहे. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातली वकिलीची वर्षे मी फिरून फिरून वाचतो.

1922 साली ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि 1923 मध्ये मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागले. तिथे ब्रीफ यायचे ते सॉलिसिटरांकडून. अस्पृश्य बॅरिस्टरास ते देताना त्यांचा हात आखडे. विद्वत्ता अफाट, पक्षकार मोजके! मग 1925 पासून 1928 पर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. 1928 मध्ये सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले, 1935 मध्ये तिथलेच प्राचार्य.

पण खडू हाती घेतला म्हणून कोर्ट सुटले नाही. 1926 मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील बदनामीच्या खटल्यात पुण्यास अपील चालवून त्यांनी जेधे, जवळकर आदींना सोडवले. 1934 मध्ये र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही ते उभे राहिले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देणे हा गुन्हा कसा, असा त्यांचा सवाल होता. तो खटला ते हरले. मला मात्र जिंकलेल्या खटल्याहून हाच अधिक जवळचा वाटतो.