रोल केजचा इतिहास : पिंजरा केव्हा वाचवतो आणि केव्हा घात करतो?



परवा ओपीडीत एक काका मधुमेहाचे रिपोर्ट दाखवायला आले होते. उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, मुलगा गाडीला आतून रोल केज बसवून घेतोय. लोखंडी पिंजराच आहे, म्हणजे आता काळजी नाही ना?" घाईत एका वाक्यात उत्तर देणं मला बरं वाटलं नाही, म्हणून आजचा लेख.

रोल केज म्हणजे गाडीच्या आत, बसणाऱ्यांभोवती उभारलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा. गाडी उलटली तरी छत डोक्यावर दबू नये, हा त्याचा हेतू. तो एका दिवसात सुचलेला नाही. त्यामागे बऱ्याच जखमा आणि बरेच मृत्यू आहेत.

विमान अपघातातून सुरुवात

1917 साली ह्यू डीहेवन या तरुण शिकाऊ वैमानिकाच्या विमानाची हवेतच दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. तो वाचला, पण पोटातल्या अवयवांना गंभीर इजा झाली. पट्ट्याचं टोकदार बक्कल पोटात घुसल्यामुळे असं झालं, हे त्याच्या लक्षात आलं. 1942 मध्ये त्याने 50 ते 150 फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस किती उंचीवरून पडला यापेक्षा तो कसा आणि किती अंतरात थांबला, हे महत्त्वाचं असतं, असं त्यातून दिसलं.

याचं साधं गणित पाहू. ताशी 50 कि.मी. वेगाने जाणारं शरीर अर्ध्या मीटरमध्ये थांबलं, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 20 पट जोर येतो. तेच 5 सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर सुमारे 200 पट! वेग तोच, पण पहिल्या प्रसंगी माणूस वाचू शकतो आणि दुसऱ्या प्रसंगी बहुधा नाही.

म्हणूनच मर्सिडीजचे अभियंते बेला बारेन्यी यांनी वेगळा विचार मांडला. मधली कोठी भक्कम ठेवायची, पण पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळू द्यायचा. 1959 पासून अशा गाड्या बाजारात आल्या. अपघातानंतर "बोनेट कागदासारखं चेपलं, गाडी तकलादू आहे" असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्या चेपण्यानेच आतल्या माणसाला थांबायला जागा मिळालेली असते.

शर्यतीच्या मैदानावरचे धडे

फॉर्म्युला वनमध्ये चालकाच्या डोक्यामागची रोल बार 1961 मध्ये सक्तीची झाली, पण पट्टा सक्तीचा व्हायला 1972 उजाडलं! मधल्या काळात अनेक चालकांना वाटायचं, आगीत अडकण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं. पण बाहेर फेकल्या जाणाऱ्या माणसाला बारचा काय उपयोग?

1970 मध्ये डार्लिंग्टनच्या शर्यतीत रिचर्ड पेटी यांची गाडी उलटत गेली. पिंजरा टिकला, पण त्यांचा हात आणि डोकं खिडकीबाहेर हेलकावत होतं. सुदैवाने ते खांद्याच्या दुखापतीवर सुटले. त्यानंतर खिडकीला जाळी लावणं आलं.

सर्वात कडू धडा 18 फेब्रुवारी 2001 चा. डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट यांची गाडी भिंतीवर आदळली. पाहणाऱ्यांना अपघात फार मोठा वाटला नाही. तरीही ते गेले. कारण होतं कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर. अशा धडकेत पट्टे धड धरून ठेवतात, पण हेल्मेटसकट डोकं झटक्याने पुढे जाऊ शकतं. असा झटका बसला की मान आणि कवटी जिथे जुळतात तिथे प्रचंड ताण येतो. मेंदूला जोडणारे मज्जातंतू आणि मोठ्या रक्तवाहिन्या तिथूनच जातात.

यावरचा उपाय आधीच तयार होता. जिम डाउनिंग हे शर्यतपटू आणि त्यांचे मेहुणे, प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड, यांनी 1980 च्या दशकात 'हान्स' नावाची खांद्यावर बसणारी कॉलर बनवली होती. ती हेल्मेटला पट्ट्यांनी जोडतात, म्हणजे डोकं आणि धड एकत्र थांबतं. पण अवघडल्यासारखं होतं म्हणून बरेच चालक ती टाळत. नासकारने 2001 च्या ऑक्टोबरमध्ये डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं.

2020 मध्ये बहारीनला रोमां ग्रोजाँ यांची गाडी दुभंगली आणि पेटली. तरी ते स्वतः बाहेर आले. हातांना भाजलं, जीव वाचला. मजबूत कोठी, डोक्यावरचं हेलो, पट्टे, हान्स, अग्निरोधक कपडे अशी सगळी साखळी तिथे पूर्ण होती.

मग काकांच्या मुलाने काय करावं?

गाडी फक्त ट्रॅकवर चालणार असेल तर:

- केज शर्यतीच्या नियमांप्रमाणे हवा. आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य कमानीला जोड नसलेली पोलादी नळी लागते, 45 मि.मी. व्यासाची आणि 2.5 मि.मी. जाडीची, किंवा 50 मि.मी. व्यासाची आणि 2 मि.मी. जाडीची. फर्निचरची नळी चालत नाही.
- डोकं लागेल तिथे नळीवर कठीण फोमचं पॅडिंग हवं. मऊ स्पंज नको.
- शर्यतीची सीट, अनेक पट्ट्यांचा हार्नेस, हेल्मेट आणि मानेचं साधन हे सगळं एकत्र हवं.

रोजच्या वापराची गाडी असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: बसवू नका. रस्त्यावर आपण हेल्मेट घालत नाही. साधा पट्टा शरीराला थोडं सरकू देतो, आणि तेवढ्यात उघडं डोकं पोलादी नळीवर आपटू शकतं. छोट्या धडकेतही मेंदूला इजा होऊ शकते. शिवाय नळ्या पडदा-एअरबॅगच्या आड येतात. मागच्या सीटवर मुलं असतील, तर धोका त्यांनाही.

काका, मुलाला एवढंच सांगा: पिंजरा गाडीचं छत सांभाळतो, डोकं नाही. रस्त्यावर आधी पट्टा लावा, मागे बसणाऱ्यांनीसुद्धा!