तांब्याचा सांधा

गेल्या वैशाखांत खामगांवीं आमच्या घरीं हवा थंड करणारें यंत्र बसविण्यांत आलें. घरची मंडळी भिंतीवरील पांढऱ्या पेटीकडे कौतुकानें पाहत होती. बसविणारा कारागीर मात्र बाहेर गच्चीवर उन्हांत बसून तांब्याच्या नळीचीं दोन टोकें ज्योतीनें जोडीत होता. त्याच्याकडे कोणाचेंहि लक्ष नव्हतें, आमचेंहि नव्हतें. दीड महिन्यांत थंडावा नाहींसा झाला. दुसऱ्या कारागिरास बोलावलें. त्यानें नळींत नायट्रोजन भरून सांध्याला साबणाचा फेस लावला, एका जागीं उठणारे बारीक बुडबुडे दाखविले, आणि तेवढा तुकडा कापून आमच्या हातांत ठेवला. बाहेरून तो सांधा चकचकीत होता. आंतून नळीवर काजळासारखा पापुद्रा धरला होता व डाख एका बाजूस पोहोंचलाच नव्हता. आम्हीं तीस वर्षें इतिहास शिकविला. राज्यें कशीं जोडलीं गेलीं व कशीं तुटलीं हें मुलांना सांगितलें. परंतु तांब्याला तांबें कसें जोडतात, हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नव्हता.

तांबें घडविणें जुनें आहे, परंतु जोडणें ही वेगळी विद्या आहे. बालाघाट जिल्ह्यांतील गुंगेरिया येथें १८७० सालीं ४२४ तांब्याच्या वस्तु व १०२ रुप्याचे पत्रे सांपडले. त्या ठेव्यांतील कुऱ्हाडी म्हणजे ओतण्याचें व ठोकण्याचें काम. तेथें सांध्याची गरजच पडत नाहीं. सांध्याचें महत्त्व पुढें ताम्रपटांत दिसून येतें. आमच्या शेजारच्या वाशीमला वाकाटक राजा विंध्यशक्ति दुसरा याचा ताम्रपट सांपडला आहे. अनेक पत्र्यांचें शासन असलें म्हणजे पत्र्यांना भोंक पाडून ते एका कड्यांत ओंवीत व कड्यावर राजमुद्रा बसवीत. अशा कड्यांचीं टोकें कोठें खिळ्यानें ठोकलेलीं, तर कोठें मुद्रेखालीं धातूनें जोडून टाकलेलीं आढळतात. हेतु उघड आहे. कडें तोडल्यावांचून मधला पत्रा कोणास बदलतां येऊं नये. एखाद्या ब्राह्मणाची जमीन त्याच्या नातवापर्यंत टिकेल कीं नाहीं, हें कांहीं अंशीं त्या बोटभर सांध्यावर अवलंबून होतें.

राजाच्या मुद्रेखालचें हें काम घरोघरीं नेलें तें तांबटानें. घागरीचे भाग वेगळे घडवून ते एकमेकांत बसवावयाचे, सांध्यावर पितळेचा कीस व टाकणखार घालावयाचा, आणि भात्यानें निखारे फुलवून तो कीस वितळवावयाचा, ही त्याची रीत. येथें दोन डाखांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. कथील व शिसें यांचा मऊ डाख १८३ अंशांच्या सुमारास पाघळतो. तो लावण्यास सोपा, पण ताण व हादरे यांपुढें दुबळा. पितळेचा किंवा रुपें व तांबें यांच्या मिश्रणाचा कठीण डाख सातशें अंशांच्या पुढें-मागें व त्याहूनहि वर वितळतो. तांबें स्वतः १०८५ अंशांवर वितळतें. म्हणजे डाख वाहिला पाहिजे, पण भांडें वितळतां कामा नये, एवढ्या अवकाशांत कारागिराचें सारें कौशल्य असतें. मोजावयास साधन नव्हतें. धातूचा रंग पाहूनच तो उष्णता ओळखी.

टाकणखाराचें काम तापलेल्या धातूवरील मळ विरघळविण्याचें. आमच्या जिल्ह्यांत कोणी विचारील कीं, हा क्षार लोणारचा तर नव्हे? आईन-इ-अकबरींत लोणारच्या तळ्याचें वर्णन आहे व तेथें कांच आणि साबण यांस लागणारीं द्रव्यें मिळतात असें म्हटलें आहे. परंतु लोणारचा क्षार मुख्यतः सोड्याच्या जातीचा; टाकणखार त्याहून निराळा, आणि तो पूर्वीं तिबेटांतून हिमालय ओलांडून येई. रुपें मात्र आमच्या खामगांवच्या पेठेचें भूषण आहे. सोनाराच्या फुंकणीपुढें रुपें व तांबें यांचें जें नातें जुळतें, तेंच आज थंड यंत्राच्या नळींत जुळत आहे.

हें नातें जुळावयास मात्र बराच काळ लागला. आमच्या वऱ्हाडांत उन्हाळ्याशीं झगडण्याचे उपाय म्हणजे जाड भिंती, वाळ्याचे पडदे आणि ऐपत असल्यास घाटावरचा वास. खालीं खामगांवला कापसाची मोठी पेठ. तिच्यासाठीं १८७० सालीं लॉर्ड मेयो यांनीं जलंब-खामगांव रेल्वेचा फांटा खुला केला. जिल्ह्याचें ठाणें मात्र वर थंड हवेच्या बुलढाण्यास. त्यापूर्वींच, १८३३ सालीं, अमेरिकेंतील बर्फ जहाजानें कलकत्त्यास येऊन पोहोंचला होता. पुढें बर्फाचे कारखाने निघाले. परंतु त्यांत अमोनिया वापरीत, आणि ओलसर अमोनिया तांब्यास खातो. म्हणून त्यांच्या नळ्या लोखंडाच्या असत. विलिस कॅरियर यानें १९०२ सालीं ब्रुकलिनच्या छापखान्यासाठीं हवेंतील ओलावा आंवरण्याची योजना केली, तेव्हांहि घरगुती यंत्र दूरच होतें. १९३० च्या सुमारास फ्रेऑन नांवाचे वायु पुढें आले. ते तांब्यास खात नाहींत. तेव्हांपासून घरांतील थंड यंत्रांत तांब्यास मोकळी वाट मिळाली, आणि तांबटाची विद्या, तांबटाचें नांव मागें टाकून, यंत्रांत शिरली.

येथें ती विद्या अधिक कडक झाली. घागर पाझरली तर थेंब दिसतो. वायु गेलेला दिसत नाहीं. घरगुती यंत्रांत नळीचीं टोकें बहुधा फुलवून पितळी नटानें आवळतात. पण नळी लांबवावयाची असली कीं ज्योत पेटवावीच लागते. तांब्यास तांबें जोडतांना स्फुरद मिसळलेला तांब्याचा डाख घेतात. त्यांतील स्फुरदच मळ काढतो, म्हणून टाकणखार लागत नाहीं. दोन नळ्यांमधील फट केसाएवढी ठेवितात, म्हणजे डाख आपण होऊन आंत ओढला जातो. तापलेल्या नळींत हवा राहिली तर आंत काळा पापुद्रा धरतो व तो सुटून यंत्राच्या बारीक वाटा बुजवितो. म्हणून डाख देतांना नळींतून नायट्रोजन मंद सोडावा लागतो. नंतर दाबाची परीक्षा, मग नळी निर्वात करणें. आमच्या पहिल्या सांध्यांत नायट्रोजन सोडलाच नव्हता. त्या दुपारीं "अजून किती वेळ?" असें आम्हींच दोनदां विचारलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

हा दोष एका घरापुरता राहत नाहीं. जुन्या वायूंनीं आकाशांतील ओझोनचें आवरण विरळ केलें, म्हणून १९८७ सालीं मॉन्ट्रियलचा करार झाला. त्यांच्या जागीं आलेले वायु पृथ्वीस तापवितात, म्हणून २०१६ सालीं किगालीची दुरुस्ती झाली. आज घरोघरीं येणारा आर-३२ हा वायु त्यांतल्या त्यांत सौम्य. तरी शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कर्बवायूच्या सुमारें ६७५ पट तापविणारा, शिवाय काहींसा ज्वलनशील. तो नळींत शिल्लक असतांना ज्योत लावणें म्हणजे कारागिराच्या जिवाशीं खेळ. आमच्या खोलींतील गारवा जगाचा ताप होतो कीं नाहीं, हें कांहीं अंशीं गच्चीवरच्या त्या अर्ध्या घटकेंत ठरतें.

अॅल्युमिनियम व स्टील यांनीं तांबटाच्या बाजारास ओहोटी लावली, तेव्हां आम्हीं एक कला गेली म्हणून हळहळ केली. ती गेली नव्हती. गच्चीवर उन्हांत बसली होती, आणि तिला पाणी विचारण्याचेंहि आम्हांस सुचलें नाहीं. दुसऱ्या कारागिरानें पुन्हा सांधा केला, तेव्हां आम्ही छत्री धरून शेजारीं उभे राहिलों. नळी काळवंडली, मग मंद लाल झाली. त्यानें कांडी टेकविली आणि डाख एका क्षणांत सांध्याभोंवतीं फिरून आंत गेला. "आतां रात्रभर दाब ठेवतों, सर, सकाळीं कांटा पाहूं," तो म्हणाला. आम्हीं घाई केली नाहीं. सकाळीं कांटा जागच्या जागीं होता.