वार्धक्यवैद्यक : पदव्युत्तर शिक्षण

वृद्धांच्या आजारांचे निदान, उपचार व पुनर्वसन शिकविणारा, एम.बी.बी.एस.नंतरचा तीन वर्षांचा एम.डी. अभ्यासक्रम. या शाखेला १९०९ मध्ये इग्नात्स नाशर यांनी नाव दिले. भारतातील पहिला अभ्यासक्रम १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झाला. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमाचे (२०१०-११) महाराष्ट्रातील प्रादेशिक केंद्र मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयात आहे (पहा : सार्वजनिक आरोग्य). वृद्धांत अनेक विकार एकत्र आढळतात; म्हणून चाल, तोल, स्मृती, मनःस्थिती, आहार, घरचा आधार आणि विशेषतः एकाच वेळी चालू असलेली अनेक औषधे यांची एकत्रित तपासणी हा प्रशिक्षणाचा गाभा होय (पहा : अस्थिसुषिरता; स्मृतिभ्रंश). २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात साठीपुढील लोकसंख्या सुमारे १० टक्के होती.