खांदेरी कोणाची?



आमच्या जुन्नर-आंबेगांवकडे समुद्र नाहीं. तरी समुद्राशीं या प्रदेशाचा संबंध जुना आहे. कोंकणच्या बंदरांतील माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेंत येत असे, आणि सिद्दीला वेसण घालण्यासाठीं ज्यांनीं आरमार उभारलें ते शिवाजी महाराज जुन्नरच्या शिवनेरीवरच जन्मले. म्हणून थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटाचा वाद आपणांस परका वाटूं नये.

खांदेरी हें मुंबई व जंजिरा यांच्या वाटेवरचें लहानसें बेट. सिद्दीचें आरमार पावसाळ्यांत मुंबईच्या आश्रयास राही. खांदेरीवर तोफा चढल्या, तर दोघांवरही नजर राहील, हें महाराजांनीं ओळखलें. १६७९ सालीं पावसाळा सरतांना मायनाक भंडारी यानें माणसें व सामान बेटावर उतरवून तटाच्या बांधकामास आरंभ केला.

लागलीच मुंबईकर इंग्रजांनीं हरकत घेतली, कीं हें बेट मुंबईचें आहे. मुंबई त्यांच्या राजास १६६१ च्या विवाह-तहानें पोर्तुगीजांकडून मिळाली व १६६८ सालीं कंपनीकडे आली. परंतु या काळांत त्यांनीं खांदेरीवर ना वस्ती केली, ना चौकी बसविली. दुसरा बांधूं लागला, तेव्हां हक्क आठवला! मायनाकाचें उत्तर सरळ होतें : धन्याच्या आज्ञेवांचून बेट सोडणार नाहीं.

ऑक्टोबरांत दौलतखानाच्या आरमाराशीं इंग्रजांची लढाई झाली. केग्विनच्या ‘रिव्हेंज’ जहाजानें मराठी गलबतें मागें हटविलीं. पण रात्रीच्या काळोखांत लहान होड्यांतून बेटावर रसद पोंचतच राहिली. मग सिद्दी इंग्रजांच्या मदतीस आला. मात्र त्यालाही खांदेरी स्वतःसाठींच हवी होती. १६८० च्या जानेवारींत त्यानें शेजारची उंदेरी बळकावून तेथें तोफा मांडल्या. अखेर इंग्रजांनीं महाराजांशीं समेट केला व खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

आतां न्याय कसा करावा? जो बेटावर उतरला, ज्यानें तेथें तट बांधला व उपाशी राहूनही तो राखला, त्याचें बेट, असें आपण म्हणूं. पण मग त्याच मापानें उंदेरी सिद्दीची ठरते, हेंही मान्य केलें पाहिजे. खांदेरीला एक माप व उंदेरीला दुसरें लावणें हा अभिमान होईल, इतिहास नव्हे.

१८१८ नंतर खांदेरी इंग्रजांकडे गेली. १८६७ सालीं तेथें दीपगृह उभें राहिलें. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांत शिवनेरी आहे आणि खांदेरीही आहे. शिवनेरी पाहावयास आलेल्या मुलांना खांदेरीची हकीकत सांगतांना उंदेरीचीही सांगावी, एवढीच माझी विनंती आहे.