कोविड-१९ : लक्षणांवरून संशयनिदान
सार्स-कोव्ह-२ या विषाणूचा संसर्ग झाला असावा, असा अंदाज चाचणीपूर्वी लक्षणांवरून बांधण्याची प्राथमिक वैद्यकीय व्यवहारातील पद्धत. २०१९ अखेर चीनमधील वूहान येथे हा रोग प्रथम आढळला. ताप, कोरडा खोकला व थकवा ही लक्षणे फ्ल्यूतही दिसत असल्याने (पहा : इन्फ्ल्यूएंझा) एवढ्यावरून भेद करता येत नाही, मात्र नाक चोंदलेले नसताना फोडणीचा वा उदबत्तीचा वास अचानक येईनासा होणे, म्हणजेच गंधज्ञानलोप, हे आरंभीच्या लाटांत विशेष सूचक ठरले, तर २०२१ अखेर पसरलेल्या ओमायक्रॉन प्रकारात ते विरळ होऊन घसादुखी व सर्दी अधिक आढळू लागली. धाप न लागताही रक्तातील प्राणवायू घटू शकत असल्याने बोटाला ऑक्सिमीटर लावून, रुग्णास सहा मिनिटे चालवून पुन्हा मोजणी करतात (पहा : न्यूमोनिया). निश्चितीसाठी आरटी-पीसीआर वा प्रतिजन चाचणी आवश्यक असते.