शिंकेचा ‘एस’

इंग्रजीत ‘एस-एन’ने सुरू होणारे शब्द पाहा. स्नोअर म्हणजे घोरणं, स्निफ म्हणजे हुंगणं, स्नॉर्ट म्हणजे फुरफुरणं, स्नाउट म्हणजे जनावराचं नाकाड. सगळी वस्ती नाकाभोवती! अशा अर्थसूचक ध्वनींना भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये ‘फोनेस्थीम’ हे नाव दिलं. स्नो, स्नेक मात्र या गोतावळ्यातले नाहीत.

मला खरा मोह पडतो तो ‘स्नीझ’चा, शिंकेचा. जुन्या इंग्रजीत ती ‘एफ-एन’ने सुरू व्हायची, चौदाव्या शतकातल्या कवी चॉसरकडेही तो ‘एफ’ शाबूत आहे. पुढे ‘एफ-एन’चे शब्दच मावळले. त्यात त्या काळचा लांब ‘एस’ अगदी ‘एफ’सारखा दिसे, फरक काय तो आडव्या रेघेचा. वाचणाऱ्यांनी ‘एफ’चा ‘एस’ केला असावा, आणि शेजारी घोरणं-हुंगणं असल्यामुळे तो रुजलाही.