डारिएनचा न बांधलेला रस्ता

वाहन माणसाला वाहून नेतें, हें प्रवासवर्णनें वाचतांना आपण गृहीत धरून चालतों. उष्ण कटिबंधांतील दाट अरण्यांत मात्र हा क्रम पुष्कळदां उलटा होतो, आणि माणसालाच वाहन वाहून न्यावें लागतें. आषाढांत काळ्या जमिनींत रुतलेली बैलगाडी ज्यानें खांदा देऊन बाहेर काढली आहे, त्याला हें निराळें सांगावयास नको. परंतु एकाच गाडीला चार-साडेचार महिने रोज असा खांदा द्यावा लागावा, असें उदाहरण विरळा. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या सांध्यावर, डारिएनच्या अरण्यांत, तें घडलें. त्या प्रवासाची हकीगत व तींतून निघणारा एक प्रश्न, यांचा विचार येथें करावयाचा आहे.

अलास्कापासून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोंकापर्यंत जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग सुमारें ३०,००० किलोमीटर लांबीचा आहे. एवढा लांब रस्ता एकाच ठिकाणीं तुटला आहे. पनामांतील याविसा या गांवीं तो संपतो, आणि सुमारें १०० किलोमीटर पलीकडे कोलंबियांत पुन्हां सुरू होतो. या तुटीला ‘डारिएन गॅप’, म्हणजे डारिएनचें खिंडार, असें नांव पडलें आहे. उत्तरेकडे डोंगर आणि पावसाळी अरण्य. दक्षिणेकडे अत्रातो नदीची विस्तीर्ण दलदल. खालीं जमीन आहे कीं गवतानें झांकलेलें पाणी, हें पाऊल टाकल्यावांचून कळत नाहीं.

या भूमीनें परक्यांना पूर्वींही चांगलाच हात दाखविला होता. १६९८ सालीं स्कॉटलंडच्या लोकांनीं तिच्या किनाऱ्यावर वसाहत घातली. ताप, उपासमार आणि स्पॅनिश वेढा यांच्यापुढें ती दोन वर्षांत मोडली. सुमारें २,००० माणसें दगावलीं, व त्या लहानशा देशाच्या भांडवलाचा मोठा भाग बुडाला. १७०७ सालीं स्कॉटलंड इंग्लंडशीं एक झालें, त्याच्या कारणांत या नुकसानीचीही गणना होते.

मोटारीनें हें अरण्य ओलांडण्याचें पहिलें यश १९६० सालचें. महामार्गाला वाट सांपडते कीं काय, हें पाहण्यासाठीं एक लँडरोव्हर व एक जीप घेऊन ही तुकडी २ फेब्रुवारी रोजीं पनामांतील चेपो या गांवाहून निघाली. त्या वेळीं रस्ता तेथेंच संपत असे. नेते अमादो अराउस हे पनामाचे. त्यांच्या पत्नी रेइना तोर्रेस दे अराउस या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या, व पुढें पनामांतील संग्रहालयांच्या उभारणींत त्यांचें नांव अग्रभागीं राहिलें. रिचर्ड बेविर हे ब्रिटिश आणि टेरेन्स व्हिटफील्ड हे ऑस्ट्रेलियन गृहस्थही बरोबर होते. लँडरोव्हरचें नांव या मंडळींनीं ‘प्रेमळ झुरळ’ अशा अर्थाचें ठेविलें होतें. चिखलांतून सरपटणाऱ्या त्या वाहनाला याहून समर्पक नांव सुचणें कठीण.

कोरड्या ऋतूचे जेमतेम तीन महिने हातीं होते. पुढें माणसांनीं कोयत्यांनीं वाट तोडावी, मागून गाडीनें रांगत यावें. जेथें चाक फिरेना तेथें झाडाला दोर बांधून विंचनें ती ओढून घ्यावी. वाटेंत १८० हून अधिक नद्या व ओढे लागले. ताडाच्या जातीच्या झाडांचे सोट आडवे टाकून सव्वाशेंवर पूल करावे लागले, व त्यांतले तीन मोडले. १७ जून रोजीं, पावसाळा भर रंगांत असतांना, हीं वाहनें कोलंबियांतील किब्दो येथें पोहोंचलीं. एकंदर दिवस १३६, आणि सरासरी वेग ताशीं २०१ मीटर! सामान्य पादचारी हें अंतर तीन मिनिटांत तोडतो.

पुढच्या प्रयत्नांनीं हाच धडा निराळ्या रीतीनें गिरविला. १९६१ सालीं शेव्हरोलेच्या तीन कॉर्व्हेअर मोटारी पनामाकडून आंत शिरल्या. त्यांतील एक अरण्यांतच टाकून द्यावी लागली. १९७२ सालीं जॉन ब्लॅशफोर्ड-स्नेल यांच्या ब्रिटिश मोहिमेनें दोन रेंजरोव्हर गाड्या नेल्या. पाठीशीं लष्कराचे अभियंते, घोडे, तराफे अशी सारी सिद्धता होती. पण दलदलीसाठीं मुद्दाम बसविलेल्या रुंद टायरांचा भार डिफरन्शियलला सोसेना, आणि चाकांना शक्ति वांटून देणारें तें यंत्र पुनःपुन्हां मोडूं लागलें. जो उपाय चिखलासाठीं योजिला, तोच गाडीच्या मुळावर आला. शेवटीं पुढें वाट काढण्याचें काम एका जुन्या, विकत घेतलेल्या लँडरोव्हरकडे आलें. नद्यांवर तराफ्यांची मदत न घेतां सर्वस्वीं जमिनीवरून हें अंतर कापण्याचा मान लॉरेन अप्टन व पॅट्रिशिया मर्सियर यांनीं १९८५ ते १९८७ या काळांत मिळविला. सुमारें २०० किलोमीटरांना त्यांना ७४१ दिवस लागले.

या साऱ्या पराक्रमांचें कौतुक करतांना एक गोष्ट नजरेआड होऊं नये. यांतील एकाही गाडीनें मागें रस्ता ठेविला नाहीं. तोडलेली वाट थोड्याच पावसाळ्यांत बुजली. प्रत्येक गाडी पलीकडे गेली ती मुख्यतः माणसांच्या हातांनीं. आणि त्या हातांना वळण कोठें घ्यावें, पाणी कोठें उतरावें हें सांगणारे लोक तेथील रहिवासीच होते. एम्बेरा, वोउनान आणि गुना हे समाज येथें पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नदी हाच त्यांचा राजमार्ग, आणि होडी हेंच त्यांचें वाहन.

मग रस्ता कां झाला नाहीं? यंत्रें पुढें सुधारलीं, पैसाही उभा राहिला असता. पण १९७५ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यायालयानें, त्या देशाच्या मदतीनें व्हावयाच्या कामास स्थगिति दिली. गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग दक्षिणेकडून उत्तरेंत पसरेल ही भीति, आणि अरण्य व तेथील समाज यांवरील परिणामांचा पुरेसा विचार झालेला नव्हता, हीं त्याचीं कारणें. पनामाचें डारिएन राष्ट्रीय उद्यान १९८१ सालीं व कोलंबियाचें लोस कातिओस १९९४ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें.

तरीही रस्ता नसला म्हणून माणसें थांबत नाहींत. एकट्या २०२३ सालांत पांच लाखांहून अधिक स्थलांतरितांनीं, कित्येकांनीं कडेवर मुलें घेऊन, हें अरण्य पायीं ओलांडलें. त्यांत लुटले गेलेले व बुडालेलेही पुष्कळ. २०२५ सालीं हा ओघ एकदम ओसरला. रस्ता नसल्याचें मोल कोण देतो, हें त्या चिखलांत उमटलेल्या पावलांनीं सांगितलें.

आम्हांस वाटतें, हा निवाडा सोपा नाहीं. रस्त्याबरोबर दवाखाना येतो तसा लांकूडतोड्याही येतो. अरण्य राखलें तर संकटांतला प्रवासी उघडा पडतो. मात्र या प्रदेशाला ‘खिंडार’ म्हणणारा मनुष्य रस्त्याच्या टोंकाशीं उभा राहून बोलत असतो, हें ध्यानांत ठेवावें. एम्बेरा गांवांतल्या घरांतून पाहिलें तर तेथें कांहींच तुटलेलें नाहीं. रस्त्याचा निर्णय करतांना तें घर विचारांत घेतलें जावें, एवढें तरी त्या १३६ दिवसांच्या वाटचालीनें शिकविलें पाहिजे.